जुनी व्हीआरएस घेताना इंजिन शेवटी बघा

पहिल्या पिढीची स्कोडा ऑक्टाव्हिया व्हीआरएस, म्हणजे ऑक्टाव्हियाची टर्बो पेट्रोलवाली वेगवान आवृत्ती, बघायला गेलेला माणूस बहुधा आधी बॉनेट उघडायला लावतो. विकणारा दोनदा रेस देतो, टर्बोची शिट्टी ऐकू येते आणि निम्मा सौदा तिथेच ठरतो. आमचं म्हणणं, हा क्रम उलटा करा. आधी कागद, मग पत्रा, मग आतलं सामान, आणि इंजिन सगळ्यात शेवटी.

त्यामागचं गणित सरळ आहे. या गाडीतलं १.८ लिटरचं टर्बो पेट्रोल इंजिन फोक्सवॅगन समूहाने ऑडीपासून बीटलपर्यंत कितीतरी गाड्यांत वापरलं. त्यामुळे कॉइल, वॉटर पंप, टायमिंग किट, गॅस्केट, सेन्सर, अगदी टर्बोसुद्धा आज मिळतो. पुण्यातल्या नाना पेठेच्या बाजारात नाही मिळाला तर मागवता येतो, थोडा वेळ लागतो एवढंच. पण व्हीआरएसचा पुढचा बंपर, तिच्या सीट, मागचा स्पॉयलर हे फक्त तिचंच सामान, आणि आपल्याकडे ही गाडी मुळातच थोडी विकली गेली. बंपर फुटला की फायबरचा करून घ्यायचा, आणि तो कधी नीट बसत नाही. अडकलेले कागद तर कुठल्याच दुकानात मिळत नाहीत. थोडक्यात, दुरुस्त होणारी गोष्ट आपण तासभर बघतो आणि न होणाऱ्या गोष्टीला पाच मिनिटं देतो.

गाडी खरी व्हीआरएसच आहे ना

ही गाडी २००४ च्या सुमारास आपल्याकडे आली, औरंगाबादजवळ शेंद्र्याच्या कारखान्यात जुळवून. युरोपात हिला १८० पीएस होते, आपल्याला १५० पीएस आणि २१० न्यूटन मीटर मिळाले, पाच गिअरच्या मॅन्युअल बॉक्ससह. साध्या ऑक्टाव्हियाला बिल्ले, जाळी आणि स्पॉयलर लावून व्हीआरएस म्हणून विकायला ठेवलेली गाडी आली तर एका आकड्यात पकडता येते. आरसीवर इंजिनची क्षमता बघा. व्हीआरएसची १७८१ सीसी. १९८४ लिहिलं असेल तर ते साधं दोन लिटर पेट्रोल, १८९६ असेल तर टीडीआय डिझेल. विकणारा काहीही सांगो.

दुसरी खूण डिकीत. कार्पेट उचललं की स्टेपनीच्या खळग्यापाशी पांढरा कागदी स्टिकर असतो. त्यावर चॅसिस नंबर, इंजिनची अक्षरं, रंगाचा कोड आणि गाडीसोबत काय काय आलं त्याचे तीन-तीन अक्षरांचे कोड असतात. हाच स्टिकर सर्व्हिस बुकातही चिकटवलेला असतो. हे दोन्ही, इंजिन बेमध्ये पत्र्यावर ठोकलेला नंबर आणि आरसी, असे चारही एकमेकांशी जुळले पाहिजेत. स्टिकर नसेल तर मागून ठोकर बसून डिकीचा पत्रा बदललेला असू शकतो. तेव्हा तिथली वेल्डिंग आणि सीलंटची रेघ बोटाने चाचपा. कारखान्याची रेघ एकसारखी असते, गॅरेजमधली जाड-बारीक होत जाते.

कागद

खासगी गाडीची नोंदणी १५ वर्षांची. म्हणजे २००५ च्या गाडीची २०२० मध्येच संपली. तिचं नूतनीकरण झालंय का, हा पहिला प्रश्न, आणि तो घरबसल्या सोडवता येतो. गाडीचा नंबर परिवहनच्या साइटवर किंवा एमपरिवहन ॲपवर टाकला की नोंदणी कधीपर्यंत आहे, विमा, पीयूसी, कर्जाचा बोजा हे दिसतं. ई-चलनं महाट्रॅफिकच्या साइटवर बघा. पुण्यातल्या गाडीवर चार-दोन चलनं असायचीच, त्याने बिघडत नाही. पण रक्कम मोठी असेल तर विसार देण्याआधी ती विकणाऱ्याने भरायची, असं स्पष्ट बोलून घ्या.

नूतनीकरण पाच-पाच वर्षांनी होतं, फॉर्म २५ वर. गाडी आरटीओत नेऊन दाखवावी लागते, पर्यावरण कर भरावा लागतो आणि फी वेगळी. ही फी १५ ते २० वर्षांच्या कारला ५,००० रुपये होती आणि अजूनही आहे, पण ऑगस्ट २०२५ पासून २० वर्षांवरच्या कारला १०,००० झाली. आज बाजारात असलेल्या बहुतेक व्हीआरएस याच उंबरठ्यावर किंवा त्याच्या पलीकडे आहेत. नूतनीकरणाला उशीर झाला असेल तर महिन्याला ५०० रुपये जादा. तीन वर्षं शेडमध्ये उभी राहिलेली गाडी म्हणजे या एका ओळीचेच १८,००० रुपये. "पासिंग संपलंय, तुम्ही करून घ्या, अगदी सोपं आहे" असं कोणी म्हणालं तर त्याला म्हणावं, सोपं आहे तर तुम्हीच करा, आम्ही पुढच्या महिन्यात पैसे घेऊन येतो.

पासिंगच्या वेळी काय अडतं तेही माहीत असू द्या. आरसीवर रंग सिल्व्हर आणि गाडी मॅट काळी, हे चालत नाही. इंजिन बदललं असेल तर त्याची नोंद हवी. २०१९ च्या एप्रिलआधीच्या गाडीला हाय सिक्युरिटी नंबरप्लेट आता लागतेच. कॅटॅलिटिक कन्व्हर्टर काढून सरळ पाइप टाकला असेल तर धुराची तपासणीही नाही आणि फिटनेसही नाही.

एमएच-१२ ची गाडी एमएच-१४ मध्ये, म्हणजे संगम पुलावरून मोशीला न्यायची असेल तर फारसं काही नाही. परराज्यातली असेल तर मात्र फॉर्म २८ ची एनओसी, तिथल्या पोलिसांचा दाखला, इथला रोड टॅक्स पुन्हा, नवा नंबर. दिल्लीच्या गाड्या स्वस्त दिसतात त्याचं कारण तिथे १५ वर्षांपुढच्या पेट्रोल गाड्यांवर आलेले निर्बंध. गाडी चांगली असूही शकते. पण एनओसी हातात नसताना फक्त फोटो बघून पैसे पाठवायचे नाहीत, आणि नोंदणी रद्दच झालेली असेल तर त्या वाटेला जायचंच नाही. कितीही लखलखीत असली तरी ती गाडी म्हणजे फक्त सुट्या भागांचा ढीग.

आरसीवर बँकेचं नाव दिसत असेल तर बँकेची एनओसी आणि फॉर्म ३५ घ्या. पंधरा वर्षांपूर्वी फिटलेलं कर्ज लोक कागदावरून उतरवतच नाहीत, आणि मधल्या काळात बँकच दुसऱ्या बँकेत विलीन झालेली असते.

पत्रा

या ऑक्टाव्हियाची बॉडी गॅल्व्हनाइज्ड, म्हणजे जस्ताचा थर दिलेली आहे. त्यामुळे एखाद्या जुन्या मारुतीत दाराच्या तळाशी गंज दिसला तर तो वयाचा समजावा, इथे दिसला तर तो अपघाताचा समजावा. पत्रा ठोकून, घासून, लांबी (पुटी) भरून रंगवला की जस्त गेलेलं असतं आणि पुढच्या दोन-तीन पावसाळ्यांत गंज वर येतो. अपवाद एकच. पुढच्या फेंडरच्या चाकावरच्या कमानीत आत फोम असतो, तो ओली माती धरून ठेवतो आणि तिथे चांगल्या गाडीलाही गंज धरतो. फेंडर बोल्टवर असतो, बदलता येतो. त्यावर भाव पाडून घ्या, पण घाबरू नका.

रंगाची जाडी मोजायचं मीटर भाड्याने किंवा उसनं मिळालं तर जरूर न्या. कारखान्याचा रंग साधारण ८० ते १५० मायक्रॉन. २०० च्या वर आकडा गेला की तो भाग पुन्हा रंगवलाय, ५०० च्या वर गेला की खाली लांबी आहे. वीस वर्षांच्या गाडीचे बंपर, दोन-तीन दारं रंगवलेली असणारच. नको असतं ते छताच्या खांबांवर, पुढच्या लोखंडी चॅनेलवर आणि डिकीच्या तळाला जास्त मायक्रॉन असणं. मीटर नसेल तर बॉनेट आणि फेंडरचे बोल्ट बघा. पाना लागला की कोपऱ्यांवरचा रंग उडतो, आणि नंतर ब्रशने लावलेला रंग उठून दिसतो. सगळ्या काचांवर कोपऱ्यात वर्षाची खूण असते. एकच काच वेगळ्या वर्षाची असेल तर त्या बाजूला काय झालं होतं ते विचारा.

पुण्याच्या पावसात या गाडीचा खरा शत्रू म्हणजे वायपरखालची पन्हळ. तिथले निचऱ्याचे मार्ग पानांनी बुजतात, पाणी साचतं, केबिन फिल्टरच्या घडीतून आत शिरतं आणि पायाखालच्या जाड कार्पेटखाली फोममध्ये महिनोन्‌महिने राहतं. वरून कार्पेट कोरडं लागतं. म्हणून दोन्ही बाजूंना कडेची पट्टी उचलून खाली बोट घाला, वास घ्या. कुबट वास आला आणि दाराचं लॉक आपोआप पडतंय, काचा मधेच थांबताहेत, अशी लक्षणं सोबत असली तर पाणी वायरिंगपर्यंत पोचलंय. उन्हाळ्यात गाडी बघत असाल तर नळी घेऊन पुढच्या काचेच्या पायथ्याशी पाच मिनिटं पाणी सोडा. चाकामागून धार आली तर निचरा मोकळा आहे.

आतलं सामान

इथे पटकन आटपा, पण सीटवर थांबा. व्हीआरएसच्या सीटचा ड्रायव्हरच्या उजव्या बाजूचा उंचवटा उतरताना-चढताना झिजतो. फाटला असेल तर शिवून मिळतो, पण मूळ कापड मिळत नाही. मीटरवर ७०,००० किलोमीटर आणि सीट चुरगळलेली, पेडलच्या रबरांवरच्या रेघा पुसलेल्या, गिअरची मूठ तुळतुळीत, असं असेल तर मीटरवर विश्वास ठेवू नका. हे मीटर मागे फिरवता येतं आणि लोक फिरवतात. किलोमीटरचा पुरावा म्हणजे वर्षावर्षाची बिलं, बाकी काही नाही.

चावी ऑनला आणून एअरबॅग आणि एबीएसचे दिवे बघा. लागून काही सेकंदांत विझले पाहिजेत. मुळात लागतच नसतील तर कोणीतरी दिवाच बंद केलाय, आणि ते दिवा पेटलेला राहण्यापेक्षा वाईट. चारही काचा पूर्ण खाली-वर करा. आतली प्लास्टिकची क्लिप तुटून काच दारात पडणं हा या गाडीचा जुना आजार आहे, दुरुस्ती किरकोळ.

थंड इंजिन, दुसरं नाही

आता इंजिन. सकाळी लवकर जा आणि आदल्या दिवशी सांगून ठेवा की गाडी सुरू करायची नाही. पोचल्यावर बॉनेटवर नाही, रेडिएटरच्या वरच्या होजवर हात ठेवा. कोमट लागली तर चहा प्यायचा आणि दुसरी तारीख ठरवून निघायचं. या इंजिनाचे निम्मे रोग पहिल्या दहा सेकंदांत बोलतात आणि गरम झाल्यावर गप्प बसतात.

सुरू करण्याआधी चार गोष्टी. ऑइलचं झाकण काढून आत टॉर्च मारा. तपकिरी पातळ थर ठीक, काळा डांबरासारखा गाळ असेल तर तो खाली सम्पमधल्या, म्हणजे ऑइलच्या टाकीतल्या, जाळीतही आहे, आणि ती जाळी बुजली की ऑइलचा दाब पडतो, आधी टर्बो जातो आणि मग बेअरिंग. दुसरं, कूलंट. मूळचा गुलाबी जी१२ असतो. त्यात कोणी हिरवा ओतला की तपकिरी चिखल होतो आणि हीटरची जाळी बुजते. तिसरं, हेडच्या बाजूला प्लास्टिकचा कूलंट फ्लँज असतो, तिथे गुलाबी पांढरट वाळलेला डाग आहे का बघा. चौथं, टायमिंग बेल्टच्या वरच्या कव्हरच्या क्लिपा उघडून बेल्टवर चिरा किंवा तेल आहे का बघा.

बेल्टबद्दल जरा जास्त बोलायला हवं. हा बेल्ट तुटला तर पिस्टन व्हॉल्व्हवर आदळतात आणि या इंजिनात व्हॉल्व्ह वीस आहेत, प्रत्येक सिलिंडरला पाच. बेल्ट चांगला दिसला म्हणून भागत नाही. बहुतेक वेळा आधी जातो तो टेन्शनर किंवा वॉटर पंप. काही पंपांचा पंखा प्लास्टिकचा होता, तो तडकून शाफ्टवर मोकळा फिरतो. पंप फिरतोय असं वाटतं आणि पाणी फिरत नसतं. म्हणून बेल्ट, रोलर, टेन्शनर आणि पंप हे एकाच वेळी बदलतात, ते नव्वद हजार किलोमीटरच्या आत किंवा पाच-सहा वर्षांत. विकणारा "बदललाय" म्हणाला तर बिल मागा, ज्यावर तारीख, किलोमीटर आणि पंप हे तिन्ही लिहिलंय. बिल नसेल तर बदललेला नाही असं धरून चाला आणि तो खर्च किमतीतून वजा करा.

आता स्टार्टर. टॅपेटचा आवाज दोन-चार सेकंद होऊन थांबला तर चालतं. पण गिअरबॉक्सकडच्या टोकाला, हेडच्या आत खडखड दहा-पंधरा सेकंद टिकली तर ती दोन कॅमशाफ्टना जोडणाऱ्या चेनच्या टेन्शनरची. हो, बेल्ट असूनही आत एक छोटी चेन आहे. पुष्कळ मिस्त्री बेल्ट बदलतात आणि तिच्याकडे बघतही नाहीत. तिचा टेन्शनर महाग असतो. थंड असताना सायलेन्सरमधून पांढरी वाफ ठीक. निळा धूर सुरू करताच येऊन गेला तर व्हॉल्व्ह सील. पाच मिनिटं आयडलला ठेवून मग रेस दिल्यावर निळा आला तर संशय टर्बोवर.

आयडल एकसारखं हवं. सुई खालीवर होत असेल, हिस्स आवाज येत असेल तर हवा कुठून तरी गळतेय. इनटेक मॅनिफोल्डच्या खाली क्रँककेसच्या हवेच्या रबरी नळ्यांचं जाळं आहे, तेल आणि उष्णतेने त्या चिखलासारख्या मऊ होतात. बोटाने दाबल्या तर बोट आत जातं. नळ्या स्वस्त, पण तिथे हात पोचत नाही, म्हणून मजुरी जास्त आणि म्हणून मिस्त्री टेप गुंडाळून सोडतात. टेप दिसली की समजून घ्या. इंजिन मिसिंग करत असेल आणि चेक इंजिनचा दिवा लुकलुकत असेल तर बहुधा कॉइल. प्रत्येक प्लगवर एक कॉइल असते, ती जाणारच. एकच नवी आणि तीन जुन्या दिसल्या तर बाकीच्या तीनही रांगेत आहेत.

टर्बो थंड असतानाच त्याच्या तोंडाचा पाइप काढून शाफ्ट बोटांनी हलवा. आडवा किंचित हलला तर ठीक, पण आत-बाहेर अजिबात हलता कामा नये. पंख्याची पाती घरावर घासल्याच्या खुणा असतील तर टर्बो संपला. ऑइल नेणारी बारीक नळी एक्झॉस्टला खेटून जाते आणि आत तेल जळून कोळसा होतो. त्यामुळे नवा टर्बो बसवताना ती जुनीच ठेवली तर तोही लवकर जातो. टर्बो नवा आहे असं अभिमानाने सांगणाऱ्याला नळीचं विचारा.

सिलिंडरमधला दाब मोजणारी काँप्रेशन टेस्ट विकणारा करू देत नसेल तर सौदा सोडा. इंजिन गरम, चारही प्लग बाहेर, कॉइलचे कनेक्टर आणि इंजेक्टर सुटे, थ्रॉटल पूर्ण उघडा. चांगलं इंजिन १० ते १३ बार दाखवतं. ७ ही खालची मर्यादा, आणि दोन सिलिंडरमध्ये ३ बारपेक्षा जास्त फरक नको. आम्ही दीड बारवरच भुवया उंचावतो.

लॅपटॉप

डॅशबोर्डखालच्या सोळा पिनांच्या सॉकेटला साधं ब्लूटूथ स्कॅनर लावून काही कोड मिळतात, पण या गाडीला व्हीसीडीएस, म्हणजे फोक्सवॅगन समूहाच्या गाड्या तपासायचं लॅपटॉपवरचं सॉफ्टवेअर, लावलेलं बरं. पुण्यात स्कोडा-फोक्सवॅगनवर काम करणाऱ्या बहुतेक स्वतंत्र गॅरेजवाल्यांकडे असतं. आधी रेडिनेस, म्हणजे गाडीने स्वतःच्या तपासण्या पूर्ण केल्यात का ते, बघा. सगळे टप्पे अपूर्ण दिसले तर आज-कालच कोड पुसलेत किंवा बॅटरी काढलीय. P0300 ते P0304 म्हणजे मिसिंग, P0171 म्हणजे मिश्रण पातळ, बहुतेक वेळा त्याच फाटक्या नळ्या.

मग व्हीसीडीएसमधला आकड्यांचा ब्लॉक ०३२. इंधन किती कमी-जास्त करावं लागतंय ते टक्क्यांत दिसतं, दुसरा आकडा उणे-अधिक दहाच्या आत हवा. ब्लॉक ११५ मध्ये टर्बोचा मागितलेला आणि मिळालेला दाब. इंजिन बंद, चावी ऑन असताना तिथे पुण्यात साधारण ९५० मिलिबार दिसले पाहिजेत, कारण आपण समुद्रसपाटीपासून ५६० मीटरवर आहोत. हजारापुढे किंवा नऊशेखाली दिसलं तर सेन्सरच खोटं बोलतोय, आणि त्यावर पुढचं सगळं चुकीचं. गाडी चालवताना पूर्ण थ्रॉटलला स्टॉक, म्हणजे कंपनीने दिली तशीच राहिलेली, व्हीआरएस साधारण १,५०० ते १,७०० पर्यंत जाते. १,९०० किंवा त्याहून वर गेली तर ईसीयू रीमॅप केलाय, म्हणजे ताकद वाढवायला इंजिनच्या कॉम्प्युटरचा प्रोग्राम बदललाय, मग मालकाने सांगितलं असो वा नसो.

रीमॅप म्हणजे पाप नाही. हे इंजिन ते पेलतं. पण वाढलेला टॉर्क क्लच, दुहेरी वजनाचं फ्लायव्हील आणि गिअरबॉक्स सोसतात. या बॉक्समध्ये डिफरन्शियलचे रिव्हेट तुटण्याचे प्रकार होतात, आणि रिव्हेट सुटला की केसिंगला भोक पाडून बाहेर येतो. रीमॅप असेल तर मूळ फाइल परत टाकून मिळेल का विचारा आणि भाव त्याप्रमाणे करा. एकाच किमतीला स्टॉक गाडी आणि नटवलेली गाडी असेल तर डोळे झाकून स्टॉक घ्या.

चालवून बघणं

दोन वेळा चालवा, एकदा मोकळ्या रस्त्यावर आणि एकदा तुंबलेल्या. मोकळ्यासाठी जुना कात्रज घाट सकाळी चांगला. नवले पुलाचा उतार टेस्ट ड्राइव्हसाठी नाही, तिथे रोजचेच अपघात पुरेसे आहेत. चौथ्या गिअरला दोन हजार आरपीएमवरून पूर्ण थ्रॉटल द्या. आरपीएम एकदम चढले आणि वेग तसाच राहिला तर क्लच संपला. दुसऱ्या गिअरला सहा हजारांपर्यंत नेलंत तरी वेग नव्वदच्या आत राहतो. तेव्हा शेजारी बसलेल्याने लॅपटॉपवर इंजिनात जाणाऱ्या हवेचा आकडा बघावा. सेकंदाला ११० ते १२० ग्रॅम म्हणजे १५० घोडे शाबूत आहेत, ऐंशीच्या घरात असेल तर हवेचा सेन्सर मळलाय किंवा पुढे गळती आहे. थंड बॉक्समध्ये दुसरा गिअर टाकताना करकर आली तर सिंक्रोनायझर झिजलाय.

मग संध्याकाळी सातला युनिव्हर्सिटी चौक. एसी लावून अर्धा तास. तापमानाची सुई नव्वदवर असते आणि ती तिथेच राहते, पण तिच्यावर भिस्त ठेवू नका, कारण साधारण ७५ ते १०७ अंशांच्या मधे ती मुद्दाम नव्वदच दाखवते. खरं तापमान लॅपटॉपवर बघा. पंखा आधी हळू, मग जोरात, असा दोन टप्प्यांत लागला पाहिजे. फक्त जोरातच लागत असेल तर पहिला टप्पा जळालाय, आणि या शहरात तो लागतोच. सुई चालताना नव्वदच्या खाली उतरत असेल तर थर्मोस्टॅट उघडा अडकलाय. तो लगेच बदला, कारण थंड इंजिन पेट्रोल जास्त पितं.

खड्ड्यावर पुढून टकटक आली तर लिंक रॉड किंवा लोअर आर्मचे मागचे बुश. हे सगळं नाना पेठेत मिळतं. मागच्या चाकाचा हँडब्रेकचा लिव्हर कॅलिपरवर अडकतो, म्हणून चालवून आल्यावर चारही रिमना हात लावा. एक जास्त तापलेली असेल तर तोच.

व्यवहार आणि पहिला महिना

गाडीच्या किमतीच्या निम्मे पैसे बाजूला नसतील तर ही गाडी घेऊ नका, हे कटू वाटलं तरी. पहिल्याच महिन्यात टायमिंग किट आणि पंप, थर्मोस्टॅट, जी१२ कूलंट, चारही कॉइल आणि प्लग, क्रँककेसच्या नळ्या, सम्प उतरवून जाळी साफ, मग साडेचार लिटर ५डब्ल्यू-४० ऑइल ज्यावर ५०२.०० असं लिहिलंय, गिअरबॉक्सला दोन लिटर ७५डब्ल्यू-९०, ब्रेकला डॉट ४. पेट्रोलच्या जुन्या रबरी नळ्याही बदला. इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलने त्या फुगतात आणि मग गरम इंजिनावर ठिबकतात. टायरच्या कडेचे चार आकडे बघा, पहिले दोन आठवडा आणि पुढचे दोन वर्ष. सहा वर्षांपुढचे असतील तर रबर कितीही उरलं असलं तरी बदला.

विसार चेकने किंवा ऑनलाइन द्या, आणि कागदावर लिहा की काँप्रेशन आणि कागदपत्रं ठीक नसतील तर विसार परत. फॉर्म २९ आणि ३० वर सह्या तुमच्यासमोर. विकणाऱ्याने १४ दिवसांत आरटीओला कळवायचं असतं आणि घेणाऱ्याने ३० दिवसांत अर्ज करायचा. विमाही १४ दिवसांत नावावर करा, नाहीतर गाडीच्या नुकसानीचा क्लेम अडतो. इतक्या जुन्या गाडीला बऱ्याच कंपन्या फक्त थर्ड पार्टी देतात, तेव्हा विचारूनच गाडीची किंमत ठरवा. जुना फास्टॅग विकणाऱ्याला बंद करायला लावा.

आणि दोन्ही चाव्या मागा. एकच असेल तर भाव करताना ते बोला. इमोबिलायझरमुळे नुसती पाती कापून गाडी सुरू होत नाही, नवी चावी व्हीसीडीएसने जुळवावी लागते आणि त्यासाठी गाडीचा चार आकडी पिन लागतो. तो पिन मूळ चाव्यांसोबत आलेल्या छोट्या प्लास्टिकच्या टॅगवर खरवडायच्या पट्टीखाली असतो. विकणाऱ्याच्या कपाटात कुठेतरी तो टॅग पडलेला असतो आणि त्याला तो कशाचा हे माहीत नसतं, म्हणून पैसे देण्याआधीच शोधायला सांगा.